दोन घरचे पाहुणे

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललितकला विद्याशाखेच्या स्थापनेला २०२५ साली पाऊणशे वर्षे झाली. अशा प्रसंगी संस्थेच्या इमारती, विद्यार्थ्यांची संख्या आणि नावाजलेले माजी विद्यार्थी यांची मोजदाद होत असते. ती व्हावी. परंतु या विद्याशाखेचा, आणि तिला पोटाशी धरणाऱ्या विद्यापीठाचा, एक विशेष असा आहे की तो कोणत्याही अहवालाच्या रकान्यात बसत नाही. एक विद्या शिकवीत असताना दुसऱ्या क्षेत्रात सर्जन करणारे, आणि ते करताना पहिलीशी द्रोह न करणारे अध्यापक तेथे एकापाठोपाठ एक होऊन गेले. 'दोन घरचा पाहुणा उपाशी' अशी आपल्याकडे म्हण आहे आणि विद्यापीठांच्या निवड समित्या ती जणू वेदवाक्य मानतात. बडोद्याचे हे पाहुणे दोन्ही घरी पोटभर जेवले, एवढेच नव्हे तर दोन्ही घरांत त्यांनी नवे अन्न शिजविले.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० साली 'बहुविद्याशाखीय' हा शब्द रूढ केला. तेव्हापासून तो परिपत्रकांतून इतक्या वेळा येतो की त्याचा अर्थ विचारण्याचे धाडस कोणी करीत नाही. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच लावला जातो की, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने संगीताचा किंवा योगाचा एक विषय घ्यावा आणि तेवढे श्रेयांक पदरात पाडून घ्यावेत. यात वाईट काही नाही. तथापि विद्यार्थ्याच्या ताटात दोन पदार्थ वाढले म्हणजे दोन विद्यांचा संयोग झाला, ही समजूत भाबडी आहे. तो संयोग आधी कोणा एका माणसाच्या डोक्यात व्हावा लागतो आणि तो माणूस विद्यार्थ्यांसमोर रोज उभा असावा लागतो. बडोद्याकडे आमच्या वाचकांचे लक्ष वेधण्याचे कारण हेच.

गुलाममोहम्मद शेख यांचे उदाहरण घ्या. १९३७ साली सुरेंद्रनगर येथे जन्मलेले शेख बडोद्यास चित्रकला शिकले, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये जाऊन आले, परतल्यावर अनेक वर्षे त्यांनी कलेचा इतिहास शिकविला आणि १९८२ पासून १९९३ पर्यंत चित्रकला शिकविली. एवढा तपशील कोणाच्याही सेवापुस्तकात मावेल. न मावणारा भाग असा की, याच प्राध्यापकाचा 'अथवा' हा गुजराती कवितासंग्रह १९७४ साली आला आणि आधुनिक गुजराती कवितेच्या चर्चेत त्याला कायमचे स्थान मिळाले. १९६९ ते १९७३ या काळात भूपेन खख्खर यांच्यासह ते 'वृश्चिक' नावाचे एक लहानसे नियतकालिक चालवीत होते. ललित कला अकादमीच्या कारभाराचे वाभाडे आणि मध्ययुगीन संतकवींच्या रचनांचे अनुवाद, असे दोन्ही त्यात वाचावयास मिळे. (खख्खर हे अध्यापक नव्हेत. ते चार्टर्ड अकाउंटंट होते, हिशेब तपासून पोट भरीत, चित्रे काढीत आणि गुजराती कथा लिहीत. बडोद्याच्या हवेत ही साथ पसरलेली होती असेच म्हणावे लागेल.) पुढे शेखांच्या 'घेर जतां' या आत्मकथनपर गुजराती निबंधसंग्रहास २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पद्मभूषण मिळालेला चित्रकार वयाची पंचाऐंशी गाठताना भाषेच्या पुरस्काराचा मानकरी ठरतो, हे दृश्य आपल्या देशात विरळाच.

येथे कोणी असे म्हणेल की, हा एका व्यक्तीच्या अंगभूत गुणांचा भाग आहे; त्यात विद्यापीठाचे कर्तृत्व काय? हे म्हणणे वरवर पाहता खरे वाटते, परंतु त्यांची चित्रे पाहणारास ते पटणार नाही. 'दीर्घ काळानंतर घरी परतताना' अशा आशयाचे नाव असलेले त्यांचे एक चित्र १९६९ ते १९७३ या काळातले आहे. त्यात आईची प्रतिमा आहे, मागे वस्तीतील घरे आहेत आणि वर आकाशात इराणी लघुचित्रांतून उतरलेले देवदूत आहेत. 'घेर जतां' याचाही अर्थ घरी जाताना असाच. एका चौकटीत अनेक काळ व अनेक प्रसंग मांडण्याची युक्ती शेखांनी इराणी, मुघल व जुन्या इटालियन चित्रांच्या अभ्यासातून उचलली. तो अभ्यास त्यांच्या अध्यापनाचाच भाग होता, आणि तीच युक्ती त्यांच्या गद्यात स्मरणाची रीत होऊन बसली. १९८१ ते १९८४ या काळात रंगविलेल्या 'सिटी फॉर सेल' या चित्रात दंगलीत होरपळणारे शहर आणि त्याच शहरात चाललेला 'सिलसिला' चित्रपटाचा खेळ शेजारीशेजारी आहेत. हे पाहण्यास इतिहासकाराचा डोळा लागतो आणि सांगण्यास कथाकाराची जीभ लागते. वर्गातल्या विद्यार्थ्यांस दोन्ही एकाच गुरूकडून मिळाली.

शेखांच्या मागे जी सावली होती ती सुरेश जोषी यांची. १९२१ साली जन्मलेले जोषी १९५१ पासून १९८१ पर्यंत बडोदा विद्यापीठात गुजराती शिकवीत होते. भाषेच्या प्राध्यापकाने कथा लिहाव्यात यात नवल काय, असे वाटेल. नवल हे की त्यांनी आपला विभाग हा गुजरातीचा कोंडवाडा होऊ दिला नाही. १९५७ च्या 'गृहप्रवेश' या कथासंग्रहाने गुजराती कथेला घटनेच्या जाचातून सोडविले. 'क्षितिज' या मासिकातून युरोपीय कवितेचे व तत्त्वचिंतनाचे वारे गुजरातीत आणले. आणि चित्रकलेचे तरुण विद्यार्थी त्यांच्याभोवती जमू लागले. पंचवीस वर्षांच्या चित्रकाराला कविता लिहावीशी वाटली, तर ती वाचून दाखविण्यास त्याच गावात, त्याच विद्यापीठात असा जाणता भेटत होता. १९८३ साली साहित्य अकादमीने देऊ केलेला पुरस्कार जोषींनी नाकारला. अशा माणसाच्या सहवासाचे मोल श्रेयांकांत कसे मांडावे, हे आम्हांस ठाऊक नाही.

तिसरे नाव के. जी. सुब्रमण्यन यांचे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अर्थशास्त्र शिकत असताना ते स्वातंत्र्य चळवळीत पडले, तुरुंगात गेले आणि सरकारी महाविद्यालयांची दारे त्यांना बंद झाली. म्हणून ते शांतिनिकेतनात गेले. परकीय सरकारने दार लावून घेतल्यामुळे देशाला एक थोर चित्रकार लाभला, ही गोष्ट त्या पिढीच्या लोकांस विशेष सुखावणारी आहे. १९५१ साली ते बडोद्यास आले आणि मुंबईच्या हातमाग मंडळातील दोनेक वर्षे वगळता १९८० पर्यंत तेथे शिकवीत राहिले. त्यांनी मुलांसाठी स्वतः चित्रे काढून छोटी पुस्तके लिहिली. त्यांतले एक तर बोलघेवड्या सत्तेची टवाळी करणारे आहे, म्हणजे बालवाङ्मय म्हणून ते मोठ्यांच्या हाती देण्यास हरकत नाही. त्यांच्या निबंधांतून खेळणी, विणकाम, कुंभारकाम आणि थोर चित्रे एकाच पंक्तीला जेवावयास बसतात. विद्याशाखेच्या जत्रेत अध्यापक व विद्यार्थी मिळून खेळणी बनवीत आणि बडोद्याचे लोक ती विकत घेत. विद्यापीठाने गावाशी बोलावे कसे, याचा हा एक वस्तुपाठ होता.

हे सारे आपोआप घडले काय? १९४९ साली हे विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा कुलगुरुपदावर हंसा मेहता आल्या. स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्त्या, घटना समितीच्या सदस्य, आणि मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील 'सर्व पुरुष' या शब्दांऐवजी 'सर्व मानव' असे शब्द घालावयास लावणाऱ्या म्हणून त्यांचे नाव जगात घेतले जाते. त्या लेखिकाही होत्या, हे सहसा कोणी सांगत नाही. शेक्सपियरची नाटके त्यांनी गुजरातीत आणली, मुलांसाठी लिहिले. १८६६ साली प्रसिद्ध झालेली 'करण घेलो' ही गुजरातीतील पहिली कादंबरी त्यांच्या आजोबांची, नंदशंकर मेहतांची. अशा कुलगुरूच्या कारकिर्दीत १९५० साली ललितकला विद्याशाखा सुरू झाली आणि ती विद्यापीठाच्या आत, पदवी देणारी म्हणून सुरू झाली. त्या काळी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पदविका मिळे. नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारखा मराठी चित्रकार बडोद्यास येऊन राहिला. निवड करणारांनी उमेदवार काय जाणतो हे पाहिले. तो कोणत्या कप्प्यातला, याची चौकशी त्यांना दुय्यम वाटली असावी.

त्याही मागे जावयाचे तर सयाजीरावांच्या दारात जावे लागते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातला हा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर बसला. इंग्लंडात शिकलेल्या अरविंद घोषांस त्याने १८९३ साली नोकरीस घेतले, प्रथम जमाबंदीच्या व महसुलाच्या कचेरीत बसविले आणि मग बडोदा कॉलेजात फ्रेंच व इंग्रजी शिकविण्यास पाठविले. अरविंद वर्गात इंग्रजी शिकवीत, घरी संस्कृत व बंगाली शिकत, काव्य लिहीत, आणि केंब्रिजचे मित्र के. जी. देशपांडे यांच्या आग्रहावरून मुंबईच्या 'इंदुप्रकाश' या इंग्रजी-मराठी पत्रात काँग्रेसच्या मवाळ राजकारणावर आसूड ओढीत. न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या चालकांस सावध केले आणि ती लेखमाला मवाळली. संस्थानच्या नोकरीत असलेल्या प्राध्यापकाने असे लिहावे, हे आजच्या सेवानियमांत बसेल की नाही याची आम्हांस शंका आहे. १९०६ साली अरविंद बडोदा सोडून कलकत्त्यास गेले. त्यांच्या बडोद्यातील विद्यार्थ्यांत कन्हैयालाल मुनशी होते.

बडोद्याच्या या कथेत मराठीचा वाटा कोणता? गायकवाडांच्या राज्यात मराठी ही पाहुणी नव्हती. पुरुषोत्तम आत्माराम चित्रे यांनी १९४३ साली 'अभिरुची' हे मासिक बडोद्यातून काढले आणि नव्या मराठी साहित्याला मुंबई-पुण्याबाहेर एक ओसरी मिळाली. त्यांचे चिरंजीव कवी दिलीप चित्रे यांचा जन्म बडोद्याचा. २०१८ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले. परंतु आम्ही ज्या प्रकारच्या अध्यापकाविषयी लिहीत आहोत, त्याचे तेथील ठळक मराठी उदाहरण म्हणजे गणेश देवी.

भोर येथे १९५० साली जन्मलेले देवी १९८० पासून १९९६ पर्यंत बडोदा विद्यापीठात इंग्रजी शिकवीत होते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यांनी प्रबंध लिहिला तो अरविंदांवर, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. इंग्रजीच्या प्राध्यापकाकडून अपेक्षा असते ती परदेशी सिद्धान्तांची उजळणी करण्याची. देवींनी 'आफ्टर अॅम्नेशिया' या १९९२ च्या पुस्तकात प्रश्न उलट बाजूने विचारला: वासाहतिक शिक्षणाने आपल्या भाषांतील समीक्षापरंपरेची जी स्मृती पुसून टाकली, तिचे काय? त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो त्यांनी २०१५ साली परत केला. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत ते लिहीत आले. 'वानप्रस्थ' हे त्यांचे ललित लेखन मराठीत आहे. १९९६ साली त्यांनी 'भाषा' ही संस्था उभी केली, छोटा उदेपूरकडच्या तेजगढ येथे आदिवासी अकादमी सुरू केली, आणि ज्या बोलींना लिपी नाही त्यांच्या मौखिक वाङ्मयाचे संकलन हाती घेतले. पुढे भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात ७८० भाषांची नोंद झाली. समीक्षा, ललित लेखन, भाषाविज्ञान, मानववंशशास्त्र आणि भटक्या-विमुक्तांच्या हक्कांचा लढा हे सर्व एका माणसात आले. मात्र यांतले मोठे काम झाले ते त्यांनी विद्यापीठ सोडल्यानंतर. त्यांना सोडावे लागले असे आम्ही म्हणत नाही. ज्या विद्यापीठाने १९५० साली चित्रकाराला आणि कवीला एका अंगणात बसविले, त्याच्या अंगणात १९९६ साली तेजगढला जागा का नव्हती, एवढा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे.

महाराष्ट्रातही अशी माणसे झाली. डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकविणाऱ्या इरावती कर्व्यांनी 'युगान्त' लिहिले. जयंत नारळीकरांनी खगोलविज्ञानातील संशोधन सांभाळून मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा दिली. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा संशोधकांइतकेच कथावाचकही हळहळले. आमच्या बोरीचे सुभाष भेंडे मुंबईत अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि कादंबरीकार म्हणून २००३ च्या कऱ्हाड संमेलनाच्या अध्यक्षपदी बसले. पण हे सर्व एकेकटे दिवे. बडोद्यात वीसपंचवीस वर्षे एकाच आवारात दिव्याने दिवा लागत गेला, हा फरक महत्त्वाचा आहे.

या प्रकारच्या अध्यापकावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो असा की, अशी माणसे धड इकडची नसतात, धड तिकडची नसतात. कवी म्हणून मिरविणारा आणि तासाला न येणारा प्राध्यापक आम्हीही पाहिला आहे. सभा-संमेलनांची आमंत्रणे खिशात घालून फिरणारा, वर्गात गेल्या वीस वर्षांच्या पिवळ्या पडलेल्या टिपणांवर गुजराण करणारा हा इसम कोणत्याही विद्यापीठाला परवडणारा नाही, आणि त्याची वकिली करण्याची आमची इच्छा नाही. परंतु तासाला न येणारा संशोधक आपण पाहिलेला नाही काय? कामचुकारपणा हा कवितेचा खास गुण नव्हे. खरा निकष हा की, त्याच्या लेखनामुळे त्याचे शिकविणे अधिक सकस झाले की नाही. शेख, जोषी, सुब्रमण्यन यांच्या शिष्यांची कामे पाहिली की त्याचे उत्तर मिळते.

आता अशी माणसे नेमली जातील काय, हा खरा चिंतेचा विषय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजण्याची पद्धत आणली आणि २०१८ साली ती सुधारून घेतली. २०१८ च्या तक्त्यानुसार भाषा व मानव्यविद्यांतील शोधनिबंधास १० गुण, अनुवादित ग्रंथास ८ गुण. कथा, कविता, नाटक, कादंबरी यांचे नाव त्या तक्त्यात नाही. म्हणजे 'युगान्त'चा अनुवाद करणारास गुण आहेत. 'युगान्त' लिहिणारीस कोणत्या रकान्यात बसवावयाचे, हे समितीने ठरवावे! २०२५ च्या जानेवारीत आयोगाने जो नवा मसुदा प्रसिद्ध केला, त्यात गुणमोजणीऐवजी नऊ क्षेत्रांतील योगदान पाहण्याची कल्पना होती. भारतीय भाषांतील अध्यापन, डिजिटल सामग्री, स्टार्टअप ही नावे तीत होती. सर्जनशील लेखनाला तेथेही जागा नव्हती. अठ्ठावीस वर्षांचा तरुण अध्यापक हिशेबी नसला तरी संसारी असतो. कादंबरीची तीन वर्षे आणि दहा शोधनिबंधांची तीन वर्षे यांतून तो काय निवडील, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

नियम हा एक भाग, भीती हा दुसरा. ९ मे २००७ रोजी बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या चित्रांवरून जमाव आत शिरला, विद्यार्थ्याला अटक झाली, आणि निषेधार्थ मांडलेले प्रदर्शन बंद करण्यास नकार देणाऱ्या प्रभारी अधिष्ठात्यांना विद्यापीठाने निलंबित केले. जेथे अधिष्ठात्याला आपल्या विद्यार्थ्यामागे उभे राहिल्याबद्दल शिक्षा होते, तेथे नवा अध्यापक कवितेचे कागद घरीच ठेवून येणार. त्यात गुजरातच्या २०२३ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सिनेट आणि सिंडिकेट या सभाही मोडीत काढल्या. विद्यापीठाच्या कारभारात अध्यापकांचा निवडून आलेला आवाज ज्या दाराने आत येत होता, ते दार त्यामुळे बंद झाले.

गोव्यापुरते बोलावयाचे तर आपली स्थिती निराशेची नाही, पण समाधानाचीही नाही. १९८५ साली स्थापन झालेल्या गोवा विद्यापीठात भालचंद्र नेमाडे यांच्यासारख्या मराठी कादंबरीकाराने इंग्रजी विभागाचे प्रमुखपद सांभाळले होते, म्हणजे हा प्रयोग आपल्याला नवा नाही. बाकीबाब बोरकर, दामोदर कोसंबी, मारियो मिरांडा यांच्या नावांची अभ्यागत अध्यासने विद्यापीठाने निर्माण केली आणि त्यांवर नामवंत येऊन व्याख्याने देऊन जातात. कोसंबींचे अध्यासन तर आंतरविद्याशाखीय अध्ययनासाठीच आहे. हे स्तुत्य आहे. मात्र अभ्यागत तो अभ्यागतच. तो चार-आठ दिवसांत गाडी धरतो. विद्यार्थ्याची पहिली कच्ची कविता किंवा फसलेले चित्र पाहण्यास तो पुढच्या मंगळवारी नसतो. सुरेश जोषी बडोद्यात तीस वर्षे होते.

दुसरे असे की, आपले कला महाविद्यालय अल्तिनोवर आहे आणि विद्यापीठ ताळगावच्या पठारावर. अंतर थोडे, परंतु चित्रकलेचा विद्यार्थी आणि मराठीचा वा कोकणीचा विद्यार्थी एकाच कँटीनमध्ये चहा पीत नाहीत. बडोद्याने चित्रकलेला विद्यापीठाच्या आत घेतले त्याचे फळ त्यांना मिळाले. आपणांस आता इमारती हलविता येणार नाहीत. माणसे हलविता येतील. कला महाविद्यालयातील एखाद्या जाणत्या अध्यापकास विद्यापीठाच्या भाषा संकुलात आठवड्याचे दोन तास द्यावेत, आणि भाषा संकुलातील कवीला अल्तिनोवर धाडावे. त्यास कोणत्याही आयोगाची परवानगी लागू नये.

विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाने आणखी दोन गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवितो. शोधनिबंधासाठी जशी रजा मिळते तशी कादंबरी, नाटक किंवा काव्यसंग्रह पूर्ण करण्यासाठी अध्यापकास, मग तो वनस्पतिशास्त्राचा का असेना, एक सत्राची रजा द्यावी आणि ती देताना विषयाचा संबंध विचारू नये. आणि पुढच्या भरतीच्या वेळी निवड समितीवर एक तरी सदस्य असा घ्यावा, ज्याने स्वतः एका विद्येत पदवी व दुसरीत नाव मिळविले आहे. उमेदवाराच्या अर्जाला जोडलेला कवितासंग्रह हाती घेऊन तो निदान चाळून तरी पाहील.